चुंबकाची दिशा सॉफ्टवेअरला नीट कशी सांगायची

पावसाळ्यातल्या एका रविवारी डिप्लोमाची दोन मुलं आमच्या नऱ्ह्याच्या शेडमध्ये आली. बगलेत लॅपटॉप आणि प्लास्टिकच्या डबीत ६ मिलिमीटर व्यासाचं, अडीच मिलिमीटर जाडीचं चकतीसारखं चुंबक. रोबोटच्या सांध्याचा कोन मोजायला त्यांनी एएस५६०० ही चिप घेतली होती. शाफ्टच्या टोकाला चुंबक चिकटवायचं, समोर चिप ठेवायची, शाफ्ट फिरला की कोन मिळायला हवा. "सर, सिम्युलेशनमध्ये फील्ड भरपूर दिसतंय, पण शाफ्ट कितीही फिरवला तरी आकडा जागचा हलत नाही."

त्यांची फाइल उघडली. रंगीत चित्र सुंदर होतं, रेषा गुळगुळीत होत्या, आणि चुंबकाची दिशा चुकलेली होती. शिवाय डबीतलं खरं चुंबकही चुकीच्या दिशेनं मॅग्नेटाइज केलेलं निघालं. दोन्ही चुका अगदी वेगवेगळ्या होत्या, तरी परिणाम एकच.

हा लेख त्या रविवारमुळे लिहितो आहे. मटेरियल चुकलं तर आकडे विचित्र येतात, मेश, म्हणजे गणितासाठी आकृतीचे केलेले बारीक तुकडे, बिघडला तर सॉफ्टवेअर तक्रार करतं. दिशा चुकली तर मात्र ते एका शब्दानंही हरकत घेत नाही, कारण त्याच्या लेखी कुठलीही दिशा बरोबरच असते. त्यामुळे दिशा टाकणं आणि ती तपासणं ही एकाच कामाची दोन अंगं आहेत असं मी धरतो. खाली दोन्ही सांगितली आहेत. मुख्य उदाहरणं फेम या मोफत सॉफ्टवेअरमधली आहेत. डेव्हिड मीकर यांनी बनवलेलं हे द्विमितीय सॉफ्टवेअर पुण्यातली बरीच मुलं वापरतात, आणि लहान कारखान्याचं पुष्कळ काम त्यावर भागतं.

आधी बाण म्हणजे काय ते पक्कं करू

चुंबकाच्या आत दिशेचा बाण दक्षिण ध्रुवाकडून उत्तर ध्रुवाकडे जातो. बाणाचं टोक ज्या पृष्ठभागातून बाहेर पडतं तो उत्तर. हे वाक्य कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवा. बाहेरच्या रेषा उत्तरेकडून दक्षिणेकडे जातात हे शाळेत शिकलेलं असतं, तेच डोक्यात ठेवून बरेच जण आतला बाणही उलटा काढतात.

सॉफ्टवेअरमध्ये या बाणाला दोन नावं भेटतात. मॅग्नेटायझेशन मोजतात अँपिअर प्रति मीटरमध्ये, पोलरायझेशन मोजतात टेस्लामध्ये. दोन्हींची दिशा एकच, मधे फक्त निर्वात पोकळीच्या पारगम्यतेचा गुणक आहे. बाणाची लांबी म्हणजे चुंबकाची ताकद मटेरियलमधून येते. फेमच्या लायब्ररीत ४० एमजीओई ग्रेडच्या निओडिमियमची कोअर्सिव्हिटी (चुंबकाचं क्षेत्र शून्य करायला लागणारं उलटं क्षेत्र) ९,७९,००० अँपिअर प्रति मीटर आणि सापेक्ष पारगम्यता १.०४९ आहे. दोन्हींचा गुणाकार करून त्याला निर्वाताच्या पारगम्यतेनं गुणलं की रेमनन्स, म्हणजे चुंबकात कायम उरणारं क्षेत्र, येतो सुमारे १.२९ टेस्ला. हा आकडा पुढे सगळीकडे लागणार आहे.

दिशा मात्र मटेरियलमधून येत नाही. ती तुम्ही प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र द्यायची असते.

खऱ्या चुंबकात दिशा कुठून येते

सॉफ्टवेअर उघडण्याआधी हे समजून घेतलं नाही, तर पडद्यावर असं चुंबक तयार होतं जे जगात कोणी बनवून देणार नाही. सिंटर्ड निओडिमियम चुंबक म्हणजे बारीक पूड दाबून, भट्टीत भाजून केलेला ठोकळा. पूड दाबताना तिच्याभोवती जोरदार चुंबकीय क्षेत्र लावतात, त्यामुळे प्रत्येक कण एकाच दिशेला वळतो. हे ओरिएंटेशन. ते दाबतानाच ठरतं, नंतर बदलत नाही. ठोकळा कापून, घासून झाल्यावर मॅग्नेटायझरच्या कॉइलमध्ये सुमारे ३ टेस्लाचा क्षणिक झटका देतात, आणि तेव्हा तो खरा चुंबक होतो. झटका कुठल्या बाजूनं द्यायचा, म्हणजे उत्तर कुठे आणि दक्षिण कुठे, एवढंच त्या वेळी आपल्या हातात असतं. अक्ष आधीच ठरलेला असतो.

म्हणून सिंटर्ड तुकड्याला साधारणपणे एकच सरळ दिशा असते, तुकडा आकारानं वाकडा असला तरी. मोटरमधल्या कमानीसारख्या चुंबकालासुद्धा. पूर्ण रेडियल ओरिएंटेशनच्या सिंटर्ड कड्या बनतात, पण महाग पडतात. प्लास्टिकमध्ये मिसळलेल्या बॉन्डेड आयसोट्रॉपिक चुंबकाची गोष्ट वेगळी. त्यात कण सगळीकडे तोंड करून असतात, त्यामुळे फिक्श्चर असेल तसा नमुना उमटवता येतो. ताकद मात्र बरीच कमी.

सिम्युलेशनमध्ये दिशा टाकायच्या आधी स्वतःला एवढं विचारा: हा तुकडा कुठल्या प्रकारचा आहे, आणि त्याचा पुरवठादार कुठली दिशा देऊ शकतो?

पहिला सराव: अक्षाभोवतीचं दंडगोल चुंबक

१० मिलिमीटर व्यास, १० मिलिमीटर लांबी, उत्तर ध्रुव वर. हे सगळ्यांत सोपं चुंबक, आणि याचं उत्तर हातानं काढता येतं म्हणून सुरुवात इथूनच करावी.

फेममध्ये नवा मॅग्नेटिक्स प्रॉब्लेम घ्या. प्रकार ॲक्सीसिमेट्रिक (छेद अक्षाभोवती फिरवून आकार होतो तो), एकक मिलिमीटर. इथे आडवा अक्ष म्हणजे त्रिज्या आणि उभा अक्ष म्हणजे झेड. टॅब दाबून बिंदूंचे आकडे थेट टाकता येतात: (०, −५), (५, −५), (५, ५), (०, ५). बिंदू रेषांनी जोडले की चुंबकाचा अर्धा छेद तयार. बाहेरच्या हवेसाठी ओपन बाउंडरी बिल्डर वापरा, त्यानं चुंबकाभोवती थरांची सीमा आपोआप तयार होते आणि क्षेत्र दूरवर पसरल्यासारखं वागतं. त्रिज्या चुंबकाच्या पाचसहा पट धरा.

आता चुंबकाच्या आत ब्लॉक लेबल ठेवा, राइट क्लिकनं निवडा, स्पेसबार दाबा. खिडकी उघडेल. मटेरियल निवडलं की मॅग्नेटायझेशन डायरेक्शनच्या चौकटीत कोन टाकायचा. हा कोन आडव्या अक्षापासून, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं, अंशांत मोजतात. उत्तर ध्रुव वर हवा, म्हणून ९०. उत्तर खाली हवा असेल तर −९० किंवा २७०. तुम्ही काहीच टाकलं नाही तर तिथे ० असतो. त्या मुलांची पहिली चूक इथे होती, तिच्याकडे वळूच.

ओके केल्यावर लेबलपाशी एक छोटा बाण दिसतो. तो बघायची सवय लावून घ्या. बाण वर असेल तर पुढे जा.

सोडवून झाल्यावर पोस्टप्रोसेसरमध्ये अक्षावरचा बिंदू (०, १०) तपासा. तो चुंबकाच्या वरच्या टोकापासून ५ मिलिमीटर वर आहे. तिथलं अपेक्षित क्षेत्र या सूत्रानं मिळतं:

क्षेत्र = (रेमनन्स ÷ २) × [ (अ + ल) ÷ √((अ + ल)² + त्र²) − अ ÷ √(अ² + त्र²) ]

अ म्हणजे टोकापासूनचं अंतर, ल म्हणजे लांबी, त्र म्हणजे त्रिज्या. अ = ५, ल = १०, त्र = ५ घातले की कंसात ०.९४८७ − ०.७०७१ = ०.२४१६ येतं, आणि क्षेत्र ०.१५६ टेस्ला. सूत्रात पारगम्यता १ धरली आहे, म्हणून फेमचं उत्तर याहून किंचित कमी येईल. पाच टक्क्यांच्या आत असेल तर निश्चिंत व्हा. थेट टोकावर, अ = ० ठेवून, ०.५८ टेस्लाच्या आसपास यायला हवं, पण कोपऱ्यांजवळ मेशचा परिणाम जास्त असतो, म्हणून मी पाच मिलिमीटरवरच तपासतो.

आकड्याइतकंच चिन्ह महत्त्वाचं. (०, १०) आणि (०, −१०) या दोन्ही बिंदूंवर झेड घटक धन यायला हवा. अक्षावर चुंबकाच्या दोन्ही बाजूंना क्षेत्र एकाच दिशेला असतं: वरच्या टोकातून बाहेर, खालच्या टोकातून आत. इथे एक शब्द फसवतो. निकालाच्या खिडकीत इंग्रजीत बीआर असं जे दिसतं ते रेमनन्स नव्हे (त्यालाही बीआरच लिहितात), तो क्षेत्राचा त्रिज्येच्या दिशेचा घटक. अक्षावर तो शून्य असतो आणि ते बघून "माझं चुंबक मेलेलं दिसतंय" असं म्हणणारे मी पाहिले आहेत.

शून्य अंशाचा सापळा

आता मुद्दाम ९० ऐवजी ० टाका आणि पुन्हा सोडवा. चित्र तितकंच सुंदर दिसेल. पण (०, १०) वर झेड घटक ऋण येईल आणि (०, −१०) वर धन. म्हणजे दोन्ही टोकांकडे क्षेत्र आत शिरतं आहे, दोन्ही टोकं दक्षिण ध्रुव झाली आहेत, आणि उत्तर ध्रुव सगळ्या कडेवर गोल पसरला आहे.

कारण सोपं आहे. ॲक्सीसिमेट्रिक चित्र म्हणजे पानावरचा छेद अक्षाभोवती पूर्ण फिरवलेला. छेदात बाण उजवीकडे काढला की तो फिरताना प्रत्येक जागी बाहेरच रोखतो, चाकाच्या आऱ्यांसारखा. हे रेडियल मॅग्नेटायझेशन. मुलांना हवं होतं डायमेट्रिकल, म्हणजे चकतीच्या एका कडेला उत्तर, समोरच्या कडेला दक्षिण, बाण व्यासातून आरपार एकाच दिशेनं. ॲक्सीसिमेट्रिक मॉडेलमध्ये ते मांडताच येत नाही, कारण ते अक्षाभोवती सगळीकडे सारखं नसतं. कितीही कोन टाकून बघा, मिळणार नाही.

रेडियल चकतीच्या समोर चिप ठेवली तर शाफ्ट फिरताना चिपला काहीच बदललेलं दिसणार नाही. आणि डबीतलं चुंबक अक्षाच्या दिशेनं मॅग्नेटाइज केलेलं होतं, एका सपाट बाजूला उत्तर, दुसऱ्या बाजूला दक्षिण. तेही फिरवलं तरी सारखंच. पडद्यावर एक चूक, हातात दुसरी, आणि चिप दोन्हींना एकच उत्तर देत होती. मुलांचा पूर्ण महिना चिपच्या वायरिंगमध्ये दोष शोधण्यात गेला होता.

डायमेट्रिकल चुंबकासाठी दोन वाटा आहेत. चुंबक लांब दांड्यासारखं असेल तर प्लेनर प्रॉब्लेम (पानावरचा छेद लांबवर तसाच धरणारा) घ्या, वर्तुळ काढा, कोन ० टाका. इथेही हाताचं उत्तर आहे: अनंत लांब दांड्यात आतलं क्षेत्र रेमनन्स ÷ (१ + सापेक्ष पारगम्यता) इतकं असतं. १.२९ ÷ २.०४९, म्हणजे ०.६३ टेस्ला, आत सगळीकडे एकसारखं. आपली चकती मात्र पातळ आहे, तिला त्रिमितीय सॉफ्टवेअरच हवं. तिथे मी पायथनमधलं मॅगपायलिब वापरतो. त्यात दंडगोल चुंबकाला पोलरायझेशन तीन घटकांत देतात. (१.२९, ०, ०) म्हणजे डायमेट्रिकल, (०, ०, १.२९) म्हणजे अक्षाच्या दिशेनं. आवृत्ती ५ पासून लांबी मीटरमध्ये आणि पोलरायझेशन टेस्लामध्ये द्यावं लागतं. त्याआधी मिलिमीटर आणि मिलिटेस्ला चालत. जुनी उदाहरणं जशीच्या तशी उतरवलीत तर मॅग्नेटायझेशन १२०० हा आकडा नव्या आवृत्तीत १२०० अँपिअर प्रति मीटर समजला जाईल, म्हणजे जेमतेम दीड मिलिटेस्ला.

त्या दिवशी मुलांनी (१.२९, ०, ०) टाकलं, चुंबक स्वतःभोवती फिरवलं, आणि चिपच्या जागी, अक्षापासून जरा बाजूला, झेड घटक साइन वक्रासारखा वरखाली होताना पाहिला. त्यांना नेमकं काय विकत आणायचं ते तेव्हा कळलं.

मोटरच्या कमानी

प्लेनर प्रॉब्लेममध्ये कोन एक्स अक्षापासून मोजतात, बाकी सगळं तसंच. आत फिरणाऱ्या रोटरवर चार चुंबकं धरा, मध्यरेषा ४५, १३५, २२५ आणि ३१५ अंशांवर. पहिल्याचा उत्तर बाहेर, दुसऱ्याचा आत, असं आलटून पालटून. बाहेर रोखणाऱ्याचा कोन त्याच्या मध्यरेषेइतकाच, आत रोखणाऱ्याचा मध्यरेषा अधिक १८०. क्रमानं लिहिलं तर येतं ४५, ३१५, २२५, १३५. चौथ्याचं ४९५ येतं, त्यातून ३६० वजा केले. बघा, रोटरवर आपण पुढे चाललो आणि कोन मागे चालले. चार ध्रुवांसाठी हा उलटा क्रम बरोबर असतो. कोणी ४५, १३५, २२५, ३१५ टाकलं असेल तर चारही उत्तर ध्रुव बाहेर रोखलेले आहेत.

हे झालं पॅरलल मॅग्नेटायझेशन, प्रत्येक कमानीत एकच सरळ बाण. सिंटर्ड तुकडे घेणार असाल तर हेच टाका. कडं रेडियल असेल तर आकड्याऐवजी सूत्र टाकता येतं. त्या चौकटीत इंग्रजी लहान अक्षरांत थीटा लिहिलं की फेम प्रत्येक मेश घटकाच्या मध्यबिंदूचा आरंभबिंदूपासूनचा कोन घेतं आणि बाण त्या दिशेला लावतं. थीटा म्हणजे बाहेर, थीटा अधिक १८० म्हणजे आत. छताच्या बीएलडीसी (ब्रश नसलेली डीसी मोटर) पंख्यात रोटर बाहेर आणि स्टेटर, म्हणजे न फिरणारा भाग, आत असतो. तिथे दोघांमधल्या हवेच्या फटीकडे उत्तर हवा असेल तर थीटा अधिक १८० लागेल, हे लक्षात ठेवा.

दोन्हींतला फरक फुटकळ नाही. रेडियलमध्ये फटीतलं क्षेत्र सपाट माथ्याचं येतं, पॅरललमध्ये साइनच्या जवळचं. एका कामात मी रेडियल सूत्र ठेवून बॅक ईएमएफ (मोटर फिरताना कॉइलमध्ये उमटणारं व्होल्टेज) काढला, चुंबकं पॅरलल आली, आणि ऑसिलोस्कोपवरचा आकार माझ्या आलेखाशी जुळेना. दोष विंडिंगचा समजून वाइंडरला मी दोनदा कॉइल गुंडाळायला लावली. त्याचे ते श्रम माझ्या एका चौकटीतल्या शब्दापायी गेले. तेव्हापासून पुरवठादाराच्या ड्रॉइंगवरचा बाण बघितल्याशिवाय मी सूत्र टाकत नाही.

थीटा नेहमी (०, ०) पासून मोजला जातो. ड्रॉइंग ऑटोकॅडमधून आणलं आणि मोटरचं केंद्र भलतीकडे असेल तर सगळे बाण तिरके होतात. आणल्या आणल्या केंद्र आरंभबिंदूवर सरकवा.

रोटर फिरवताना, आरशातली प्रतिमा काढताना किंवा प्रती करताना बाणांचं काय झालं ते प्रत्येक लेबलवर डोळ्यांनी बघा. चार लेबलं बघायला दहा सेकंद लागतात.

हालबाख वर्तुळ

हा भाग मला मनापासून आवडतो, कारण यात दिशा हाच सगळा खेळ आहे. सारखीच चुंबकं, सारखंच वजन, पण बाण नीट वळवले तर कड्याच्या आत एकसारखं जोरदार क्षेत्र उभं राहतं आणि बाहेर जवळजवळ काही उरत नाही. क्लाउस हालबाख यांनी कणत्वरकांसाठी या रचना विकसित केल्या, म्हणून हे नाव.

नियम असा: ध्रुवजोड्या प असतील आणि क्षेत्र आत हवं असेल तर बाणाचा कोन = (१ + प) × थीटा. क्षेत्र बाहेर हवं असेल तर (१ − प) × थीटा. आत एकसारखं क्षेत्र हवं तर प = १, म्हणजे २ × थीटा. फेमच्या चौकटीत २, मग गुणाकाराची चांदणी, मग थीटा. चांदणी विसरलात तर सूत्र चालणार नाही.

तपासणीही तशीच सुंदर आहे. अखंड कड्यात मध्यभागचं क्षेत्र रेमनन्स गुणिले बाहेरच्या आणि आतल्या त्रिज्यांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगॅरिदम इतकं असतं. ३० आणि १५ मिलिमीटर घ्या: लॉग २ म्हणजे ०.६९३, गुणिले १.२९, म्हणजे ०.८९ टेस्ला, दिशा धन एक्स. कमी यायचं असेल तर थोडंच यावं. मध्यभागी शून्य आलं तर बहुतेक चिन्ह चुकलं आहे. −२ × थीटा टाकलं तर क्षेत्र बाहेर जातं आणि बाहेर सहा ध्रुव दिसतात.

प्रत्यक्षात अखंड कडं कोणी देत नाही, तुकडे जोडावे लागतात. आठ तुकडे घ्या, मध्यरेषा ०, ४५, ९० अशा. बाण ०, ९०, १८०, २७० आणि पुन्हा ०, ९०, १८०, २७०. टाकायला किती सोपं! आठ तुकड्यांनी क्षेत्र अखंड कड्याच्या ९० टक्के मिळतं, म्हणजे ०.८ टेस्ला. सोळा तुकडे केले तर ९७ टक्के. माझ्या मते आठच्या पुढे जाण्यात हौस जास्त आणि फायदा कमी. हे सगळे आकडे अनंत लांब कड्याचे आहेत. ३० मिलिमीटर लांबीच्या कड्यात मध्यभागी याहून बराच कमी आकडा मिळेल, तो त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्येच काढा.

आता खरी मजा. पुरवठादाराला आठ वेगळे तुकडे सांगायचे का? नाही. त्याला बाण एक्स अक्षापासून नको असतो, तुकड्याच्या स्वतःच्या मध्यरेषेपासून हवा असतो. म्हणून बाणाच्या कोनातून जागेचा कोन वजा करा: ०, ४५, ९०, १३५, १८०, २२५, २७०, ३१५. यातले ० आणि १८० एकाच ओरिएंटेशनचे, फक्त मॅग्नेटायझरमध्ये उलटे घालायचे. ९० चा तुकडा पालथा केला की २७० झाला. ४५ चा पालथा केला की ३१५. २२५ चा अक्ष ४५ चाच, आणि १३५ चा अक्ष ३१५ चा. म्हणजे कापायचे प्रकार फक्त तीन: सरळ, आडवा आणि ४५ अंशांचा. हे कोष्टक मी मुलांकडून कागदावर करून घेतो. बाण ही संख्या नसून हातातल्या तुकड्यावरची रेघ आहे, हे तेव्हा त्यांना पटतं.

कडं फिरवायचं असेल तर सूत्र आपोआप फिरणार नाही, कारण थीटा आरंभबिंदूला बांधलेला आहे. कडं १० अंशांनी फिरवलं तर २ × थीटा ऐवजी २ × थीटा − १० टाका. क्षेत्र आत असेल तर प कितीही असो, फिरवण्याच्या कोनाला प नं गुणून वजा करायचं.

त्रिमितीय सॉफ्टवेअरमधली गोष्ट

अँसिस मॅक्सवेलसारख्या सॉफ्टवेअरमध्ये कोनाऐवजी एकक सदिश देतात, मटेरियलच्या गुणधर्मांत. एक्स १, वाय ०, झेड ०, असा. कोअर्सिव्हिटीचा आकडा तिथे ऋण लिहायचा असतो. हा सदिश वस्तूला जोडलेल्या ओरिएंटेशन या निर्देशांक पद्धतीत मोजला जातो, आणि ती बदलली नाही तर ग्लोबल असते. म्हणून एक चुंबक काढून त्याच्या आठ प्रती गोल फिरवल्या तर आकार फिरतो, बाण आठही ठिकाणी एकाच दिशेला राहतात. उपाय: प्रत्येक चुंबकासाठी स्थानिक निर्देशांक पद्धत बनवा आणि ओरिएंटेशनमध्ये ती निवडा. रेडियल हवं असेल तर मटेरियलची पद्धत दंडगोलीय करा आणि आर घटक १ ठेवा.

मॅगपायलिबमध्ये उलट आहे. पोलरायझेशन वस्तूच्या स्वतःच्या अक्षांत असतं, वस्तू फिरवली की बाणही फिरतो. दोन सॉफ्टवेअरची सवय एकमेकांत मिसळू देऊ नका.

चित्र वाचताना

फ्लक्सच्या रेषांना बाण नसतात. सगळी चुंबकं उलटी केली तरी रेषांचं चित्र तेच दिसतं. म्हणून व्हेक्टर प्लॉट चालू करा, आणि तो बी चा (टेस्लात मोजतात ते क्षेत्र) आहे की एच चा (अँपिअर प्रति मीटरमध्ये मोजतात ते) ते आधी वाचा. एकट्या चुंबकाच्या आत एच हा बी च्या उलट असतो. एच चे बाण बघून "दिशा उलटी पडली" म्हणत बरोबर असलेला कोन १८० नं फिरवणारे मी पाहिले आहेत.

मोटरसाठी फटीच्या मध्यातून एक वर्तुळाकार रेषा काढा आणि तिच्यावर बी चा लंब घटक आलेखात बघा. चढउतार ध्रुवांइतके यायला हवेत, आणि पूर्ण फेरीची सरासरी शून्य.

टेबलावरची तपासणी

शेवटी खरं चुंबक हातात घ्या. पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत ४९ई प्रकारचा लिनियर हॉल सेन्सर, म्हणजे चुंबकीय क्षेत्राच्या प्रमाणात व्होल्टेज देणारी चिप, मिळतो. ५ व्होल्ट दिले की क्षेत्र नसताना सुमारे २.५ व्होल्ट देतो, आणि प्रत्येक गॉसला सुमारे १.४ मिलिव्होल्ट बदलतो. छापील बाजूसमोर दक्षिण ध्रुव आला की व्होल्टेज वाढतं, उत्तर आला की कमी होतं.

आपल्या १० बाय १० च्या दंडगोलासाठी वरच्या सूत्रात अ = १५ घाला: ०.०२०६ टेस्ला, म्हणजे २०६ गॉस. लाकडी पट्टीवर १५ मिलिमीटरची खूण करून उत्तर ध्रुव छापील बाजूसमोर धरा. मीटर २.५ वरून साधारण २.२ वर यायला हवा. ५ मिलिमीटरवर धरू नका, तिथे दीड हजार गॉसहून जास्त आहे आणि सेन्सर आधीच आपल्या मर्यादेला टेकलेला असेल. आकडा बराच कमी आला तर चुंबक सांगितलेल्या ग्रेडचं नाही. सूत्र उलटं चालवून खरा रेमनन्स काढा आणि तोच मटेरियलमध्ये टाका.

होकायंत्र वापरायचं तर लांबून. सुईचं उत्तर टोक चुंबकाच्या दक्षिण ध्रुवाकडे वळतं. जवळ नेलंत तर निओडिमियम सुईलाच उलटं मॅग्नेटाइज करतं, आणि मग पुढची सगळी मोजणी उलटी. आपल्याकडे पृथ्वीचं क्षेत्र जेमतेम ०.४ गॉस आहे, समोरच्या चुंबकापुढे ते काहीच नाही. प्रत्येक वेळी चुंबक दूर ठेवून सुई उत्तरेला परत येते का ते बघा. मोबाइलमधलं होकायंत्र या कामाला वापरू नका.

उत्तर ध्रुव सापडला की त्यावर लाल रंगाचा ठिपका द्या, आणि डायमेट्रिकल असेल तर कडेवर. पुरवठादाराच्या ड्रॉइंगवर तीन गोष्टी शब्दांत लिहा: मॅग्नेटायझेशन अक्षाच्या दिशेनं की व्यासातून, बाण तुकड्याच्या कुठल्या कडेपासून किती अंशांवर, आणि ठिपका कुठे. नुसतं "६ बाय २.५ निओडिमियम" लिहिलं की दुकानदार अक्षाच्या दिशेचं देतो, कारण तेच जास्त खपतं.

दुसऱ्या रविवारी ती मुलं पुन्हा आली, डबीत नवं चुंबक आणि कडेवर नेलपॉलिशचा ठिपका. पट्टीवर सेन्सर लावला, चुंबक हळूहळू फिरवलं. मीटर २.५ च्या खाली गेला, परत आला, वर गेला, परत आला. एका फेरीत एकदाच. मग चिप जोडली.